खडूची बोटं

मागच्या अंगणात नळाखाली हात धूत होतो, तेव्हा आतल्या खोलीतून चारदा टिक् असा आवाज आला आणि त्यामागून एक बारीक घरघर. हा आवाज मी गेल्या आठ दिवसांत निदान दोनशे वेळा ऐकला होता. पण प्रत्येक वेळी त्या बटणांवर माझं बोट होतं, आणि आत्ता माझी दहाही बोटं नळाखाली होती. लॉकरचा आकडा फक्त मला ठाऊक होता. पुष्पलतेलाही मी तो सांगितला नव्हता, आणि ती तर माझ्या पाठीमागेच दोरीवरचे कपडे काढत होती. म्हणजे आत फक्त मुलं होती. अकरा मुलं, समोरच्या खोलीत, संध्याकाळच्या वर्गाला आलेली. छातीत धस्स झालं. आणि खरं सांगायचं तर त्या धस्स होण्याच्या पाठोपाठ आत काहीतरी आनंदाने उसळलं. उघडलं कसं असेल? चाळीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या माणसाचं हे असं होतं. पुरतं घाबरायच्या आधीच त्याला प्रश्न पडतो. नळ वाहत राहिला. अंगणापासून त्या खोलीपर्यंत नऊ पावलं आहेत, मी ती डोळे मिटून मोजलेली आहेत, आणि तरी मला पहिलं पाऊल टाकवेना.

नऊ पावलं मोजायची वेळ आली ती पाच महिन्यांपूर्वीच्या एका दुपारमुळे. मनीषनगरातल्या आमच्या गल्लीत दुपारी दोन ते चार इतकी शांतता असते की कुकरची शिट्टी तिसऱ्या घरापर्यंत ऐकू जाते. मी लाकडाच्या बाजारात, लकडगंजला गेलो होतो. मुलांसाठी नवा फळा करायचा होता, त्याला प्लायवूड पाहिजे होतं. तीन दुकानं फिरलो, प्रत्येक तक्ता टिचकी मारून पाहिला, शेवटी मनासारखा मिळाला. ऑटोत तो आडवा धरून घरी आलो आणि दारातूनच म्हणालो, "फळा असा मिळाला का, पाहत राहशील!" पुष्पलता स्वयंपाकघराच्या खिडकीखाली भिंतीला टेकून बसली होती. डावा हात उजव्या हातात धरलेला. दोन माणसं पाण्याचं मीटर पाहायला म्हणून आली होती. बांगड्या निघेनात म्हणून त्यांनी मनगट पिळलं. हाड मोडलं तो आवाज तिने ऐकला. दीड महिन्याने प्लास्टर निघालं, पण त्या दिवसापासून ती हळू बोलायला लागली. साखळी लावलेल्या दाराआडून, कपड्यांच्या घडीत, भाताच्या वाफेत बोलल्यासारखं. आमचा वर्ग आधी दार सताड उघडं ठेवून भरायचा. आता एकेक मूल आलं की साखळी निघायची आणि पुन्हा लागायची. एकदा तिने मला फक्त एवढंच विचारलं, "तुम्ही घरी असते जी, तर काय केलं असतं?" तिने टोमणा मारला नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. प्रश्नाला उत्तर न देता मी आजवर एकाही मुलाला परत पाठवलेलं नाही. तिला मात्र म्हणालो, "पाहून सांगतो." आणि दुसऱ्याच दिवशी शस्त्र परवान्याचा अर्ज करायला निघालो.

मी अडुसष्ट वर्षांचा आहे. या वयात नवीन विषय हाती आला की काय होतं हे ज्याला झालं त्यालाच कळेल. नवी शंभर पानी वही आणली, समास आखला, पहिल्या पानावर विषय लिहिला: घराच्या रक्षणासाठी हत्यार. झोप उडाली, पण ती परीक्षेच्या आदल्या दिवशी उडते तशी, गोड. पोलीस चौकशीला आलेला फौजदार दारात उभा राहून माझं नाव वाचतो आणि एकदम टोपी काढतो. धर्मेंद्र! कुहीच्या शाळेत माझ्या वर्गात तिसऱ्या बाकावर बसायचा, भिंगाने कागद जाळताना स्वतःची बाही जाळून घेतलेला. मी म्हटलं, "बस. आज तू शिकव, मी लिहून घेतो." तो लाजला, पण शिकवलं त्याने नीट.

"सर, पहिली गोष्ट, परवाना म्हणजे हक्क नाही. मागायचा असते. द्याचा का नाही ते कमिशनर ऑफिसात ठरते. काहून पाहिजे, ते पटलं पाहिजे. तुमचं पटन, मॅडमच्या केसची फिर्याद आहे. मग चालवाचं ट्रेनिंग, त्याचं सर्टिफिकेट. मग हत्यार कुठं ठेवाल, गोळ्या कुठं ठेवाल, ते लिहून द्या लागते."

"आणि निवडणूक आली की?"

"ठाण्यात जमा करा म्हटलं का करा लागते."

"म्हणजे निवडणुकीत चोरांना सुट्टी असते का रे?"

"सर, तुम्ही वर्गातही असेच गोत्यात आणत होते." तो हसला आणि मग गंभीर झाला. "आता मेन गोष्ट. माणूस जीव घ्याले अंगावर आला, तर कायदा तुमच्या बाजूने उभा राहते. तेही जितकं गरजेचं तितकंच. पण तो पळून राहिला असन, त्याची पाठ दिसून राहिली असन, तर गोळी नाही. बांगड्या घेऊन पळाला तरी नाही. पाठीवर गोळी लागली का तुम्ही फिर्यादी नाही, आरोपी. अन् दुसरं. तुमच्या निष्काळजीनं ते हत्यार दुसऱ्या कोणाच्या हाती लागलं, तर जबाब तुमचा." मग त्याने मान वळवून फळ्याकडे, कोपऱ्यातल्या अकरा बस्करांकडे पाहिलं. "पोरं अजून येते का, सर?"

"येतात ना. अकरा आहेत."

"अन् तुमच्या घरात कुलूप?"

उत्तर त्याला ठाऊक होतं. कुहीच्या शाळेतही माझ्या विज्ञानाच्या कपाटाला कुलूप नव्हतं. उघडा, पाहा, विचारा, आणि जिथली वस्तू तिथे ठेवा. माझी सगळी शिकवणी या चार गोष्टींवर चालली. घरातही तसंच. मुलं आली की फडताळ उघडतात, फुटाण्याचा डबा काढतात, लोहचुंबक, तराजू, घंटी, तारेची भेंडोळी, जे हवं ते घेतात. इथली कोणतीही वस्तू मुलांपासून लपवलेली नव्हती.

"लॉकर घेईन," मी म्हणालो.

वहीत पुढची चाळीस पानं भरली. दोन नळ्यांची बारा बोअरची बंदूक की बत्तीस बोअरचं रिव्हॉल्वर? बंदूक खांद्यावर टेकते, नेम सोपा. पण आमच्या बोळकांडीची रुंदी तीन फूट आहे, तिथे लांब नळी वळवता वळवता चोराचा चहा पिऊन होईल. रिव्हॉल्वर आखूड, पण हात थरथरला तर दहा फुटांवरही गोळी हातभर बाजूला जाते. मग नकाशा काढला. बिछान्यापासून बोळकांडी, बोळकांडीपासून स्वयंपाकघर, स्वयंपाकघराची खिडकी. नेम चुकला तर गोळी कुठे जाईल? पट्टी ठेवून रेघ ओढली. रेघ खिडकीतून बाहेर गेली, हातभर फट ओलांडून समोरच्या घराच्या खिडकीत शिरली. त्या खिडकीशी अंजनाबाई भाजी निवडत बसतात. त्यांची नात भूमिका तिथेच दप्तर पसरते. मी ती रेघ खोडली, मग पुन्हा ओढली, कारण खोडल्याने गोळीचा रस्ता बदलत नाही. समासात लिहिलं, खिडकीच्या दिशेने कधीही नाही. पण चोर मी सांगेन त्याच बाजूला उभा राहणार होता का? हा प्रश्नही लिहिला. उत्तराची जागा कोरी ठेवली आणि पान उलटलं. पुढच्या पानावर इतक्या मजेच्या गोष्टी होत्या!

सरावाच्या मैदानावरचा तो पहिला दिवस मी विसरणार नाही. गावाबाहेर, मातीचा उंच बांध, समोर कागदाचं लक्ष्य. शिकवणारा पोरगा माझ्या नातवाच्या वयाचा, म्हणाला, "काका, बोट ट्रिगरवर नाही, बाजूला. उडवाचं पक्कं झालं तेव्हाच आत." क्रिया आणि प्रतिक्रिया मी किती वर्गांना शिकवली असेल, फुगा सोडून, ढकलगाडी ढकलून. आणि ती खरी कशी असते ते मला त्या दिवशी मनगटात कळलं. धक्का कोपरापर्यंत आला. कानांवर टोप्या होत्या तरी आवाज दातांत ऐकू आला. जळकट, दिवाळीच्या दुसऱ्या सकाळसारखा वास. कागदाच्या कोपऱ्यात एक भोक पडलं होतं आणि मी "अरे वा!" म्हणून मोठ्याने ओरडलो. अडुसष्ट वर्षांचा माणूस. घरी येताना बसमध्ये मी एकटाच हसत होतो. त्या माणसांनी माझ्या बायकोचं मनगट पिळलं, हे त्या दिवशी मला एकदाही आठवलं नाही. हे नंतर लक्षात आलं तेव्हा वाईट वाटलं, पण हसू काही गेलं नाही.

परवान्याची पुस्तिका आली. दुकानदाराशी बोलून झालं, उद्या रविवारी धर्मेंद्र सोबत येणार आणि बत्तीस बोअरचं रिव्हॉल्वर घरी येणार. लॉकर आठ दिवस आधीच आला होता. आतल्या खोलीत, भिंतीत बोल्ट मारून बसवला, छातीच्या उंचीवर, काळा, चकचकीत, दहा बटणांचा. मुलांना म्हटलं, याला हात लावायचा नाही. अकरा तोंडं माझ्याकडे पाहत राहिली. या घरात हे वाक्य त्यांनी पहिल्यांदा ऐकलं होतं. मग माझा सराव सुरू झाला. दिवे बंद करून, घड्याळ लावून, बिछान्यापासून लॉकरपर्यंत, आकडा दाबून, आत हात घालून बाहेर. आत काहीतरी पाहिजे ना, पकडायला! रिव्हॉल्वरच्या मुठीएवढं, हातात भरेल असं. फळा पुसायचा लाकडी डस्टर नेमका बसला. तोच ठेवला. पहिल्या दिवशी बावीस सेकंद, आठव्या दिवशी नऊ. वर्ग चालू असतानाही मुलांना गणित घातलं की मी आत जाऊन एकदा करून यायचो. मुलं विचारत, "सर, डस्टर कुठी गेला?" मी म्हणायचो, "सापडत नाही रे." आठ दिवस ती बिचारी फळा ओढणीने, रुमालाने, शर्टाच्या बाहीने पुसत होती आणि सगळं घर धुंडाळत होती. मी मुलांशी कधी खोटं बोललो नव्हतो. हे इतकं लहान होतं की मी ते मोजलंच नव्हतं.

नऊ पावलं. मी दारात पोचलो तेव्हा लॉकरचं दार सताड उघडं होतं आणि भूमिका, अकरा वर्षांची, दोन वेण्या, एक पाय स्टुलावर, डस्टर डोक्यावर धरून उभी होती. बाकीचे तिच्याभोवती.

"सापडला, सर!" ती ओरडली. "डस्टर सापडला! तिजोरीत काहून ठेवला तुम्ही?"

"उघडलं कसं?" माझा आवाज मला परका वाटला. रागाचा वाटला असावा, कारण दोन मुलं मागे सरकली.

"सगळं घर पाहून झालं, सर," भूमिका म्हणाली. "पलंगाखाली पाहिलं, गिरणीच्या डब्यात पाहिलं, आजीले विचारलं. मंग एकच जागा उरली. तुम्हीच सांगतलं होतं, बाकी सगळं नाही निघालं का जे उरलं ते उत्तर. आम्ही हात नव्हतो लावणार. नुसतं पाहून राहिलो होतो."

"पाहून उघडतं होय?"

"हे पाहा ना, सर!" तिने मला हाताला धरून जवळ ओढलं. माझा हात ओला होता. "बटणं काळी. अन् यायच्यावर पांढरं. चारच बटणायवर. खडू!"

काळ्या चकचकीत बटणांवर माझ्या बोटांचा खडू बसला होता. चाळीस वर्षं जो माझ्या बोटांवरून धुऊनही गेला नाही, शर्टाच्या खिशावर, चहाच्या कपावर, पुष्पलतेच्या खांद्यावर उमटत राहिला, तो. चोर हातमोजे घालून येतात. मी खडू लावून गेलो होतो.

"चार बटणं कळली," मी म्हणालो. माझ्या नकळत माझा आवाज वर्गातला झाला होता. "पण क्रम? चार आकडे किती प्रकारे मांडता येतात?"

"चोवीस!" तीन-चार जण एकदम.

"मग चोवीस वेळा दाबलं?"

"नाही, सर. एकदाच." भूमिका आता नाचायच्या बेतात होती. "एकावर सगळ्यात जास्त खडू आहे. नवावर त्याच्याहून कमी. पाचावर अजून कमी. सहावर तर फुंकर मारली तर जाईन इतकाच. बोटाले जेवढा खडू असन तेवढा पहिल्या बटणावर जास्त लागन ना? मंग खतम होत जाईन. एक, नऊ, पाच, सहा!"

"एवढं कराले नव्हतं पाहिजे, सर," मागून अंकुश म्हणाला. तिच्याच वर्गातला, तिच्याशी रोज भांडणारा. "चार आकडे पाहिले अन् मी तवाच म्हटलं, एकोणीसशे छप्पन. आमच्या घरी बाबाच्या मोबाईलचं पण तेच आहे. आजोबाच्या सायकलच्या कुलपाचं पण तेच."

"अंदाज म्हणजे उत्तर नसते, सर म्हणते!"

"बरोबर निघालं ना पण!"

माझे वडील त्या साली दीक्षाभूमीवर उभे होते. दुसऱ्या वर्षी मी जन्मलो. मला वाटलं होतं हा आकडा माझा आहे. आमच्या सबंध वस्तीत किती कुलपं या आकड्यावर उघडत असतील! मी मोठ्याने हसलो. थांबवता येईना. मग मी भूमिकेच्या डोक्यावर हात ठेवून म्हणालो, "दहापैकी दहा. अंकुशला सात. चाळीस वर्षांत असं उत्तर मला कोणी दिलं नाही, पोरी." आणि खरंच नव्हतं दिलं. मी आनंदाने भरून गेलो होतो. आणि त्या भरलेपणाच्या तळाशी काहीतरी गार, जड, डस्टरपेक्षा थोडं जड, पडून होतं.

"सर," भूमिकेने लॉकरच्या रिकाम्या पोटात डोकावत विचारलं, "मंग यात खरं काय ठेवणार?"

या घरात प्रश्नाला उत्तर मिळतं. आठ दिवसांचं खोटं माझ्या जिभेवर अजून होतं, त्यावर दुसरं ठेवणं मला जमलं नाही.

"रिव्हॉल्वर," मी म्हणालो.

अकरा चेहरे एकदम उजळले. मी तो उजेड ओळखला. सरावाच्या मैदानावरून घरी आलो तेव्हा आरशात तो माझ्याच तोंडावर होता. "खरं, सर?" "दाखवाल ना, सर?" "मले पहिले, सर!" "मी नंबर काढला, मी पहिले!" सगळ्यांचे हात वर झाले होते, बोटं ताणलेली, जसे ते फक्त चांगल्या प्रश्नाला वर होतात.

"नाही," मी म्हणालो. "त्याला हात लावायचा नाही. आणि मी आकडा बदलणार. हात धुऊन दाबणार."

भूमिका जराही नाराज झाली नाही. ती मला धीर द्यावा तशा सुरात म्हणाली, "बदलवा ना, सर. आम्ही तोही काढू."

मी पलंगाच्या कडेवर बसलो. ती काढेल. मला शंका नव्हती. आठ दिवस लागतील, महिना लागेल, बटणांची झीज पाहील, टिक् टिक् मधलं अंतर कानाने मोजेल, माझ्या खांद्याची हालचाल पाहील. मीच शिकवलं होतं. आणि ज्या दिवशी काढेल त्या दिवशी ती मला हाक मारायला येईल, आनंदाने, हातात जे असेल ते डोक्यावर धरून. मी फोन उचलला. मुलांसमोरच.

"धर्मेंद्र, उद्या येऊ नको."

"काहून, सर? परवाना तर मिळाला."

"मिळाला. पण माझ्या वर्गातली पोरं फार हुशार झाली रे."

त्याने विचारलं, "उघडलं का?"

"एका प्रयत्नात."

"वाटलंच होतं मले," तो म्हणाला. "त्या दिवशी बस्करं मोजली मी, अकरा. मंग सर, मॅडमचं काय?"

हे तो विचारणारच होता. सांगतो म्हणून मी फोन ठेवला आणि मान वर केली. पुष्पलता दारात उभी होती, वाळलेल्या कपड्यांचा ढीग छातीशी धरून. किती वेळची उभी होती कोण जाणे. मी तिला म्हणालो, "तू त्या दिवशी विचारलं होतंस. मी घरी असतो तर काय केलं असतं. मला अजून येत नाही ते उत्तर."

"मी दुसरं विचारून राहिली होती," ती हळूच म्हणाली. "मी ओरडली होती जी त्या दिवशी. दोनदा. अंजनाबाई समोरच्या खिडकीत होत्या, मिक्सर चालू होता त्यायचा. तुम्ही असते तर तुम्हाले तरी ऐकू आलं असतं, एवढंच." मग तिने कपडे पलंगावर ठेवले. "मले बंदूक नव्हती पाहिजे. मले आवाज पाहिजे होता."

पाच महिने. शंभर पानी वही. आणि मी तिला हे एकदाही विचारलं नव्हतं. तिचा प्रश्न मी घाईने समजून घेतला आणि वेगळ्याच धड्याचं उत्तर पाठ करत बसलो. वर्गात एखादं मूल असं करतं तेव्हा मी रागावत नाही. म्हणतो, पुन्हा वाच. मी उठलो. फडताळातून घंटी काढली, मोठी बॅटरी, तारेचं भेंडोळं, दाबायची कळ. "चला," मी म्हणालो. मग काय विचारता! भूमिका तार घेऊन धावली, अंकुश स्टुलावर चढला, कोणी दातांनी तारेवरचं रबर सोलायला लागलं आणि कोणी त्याच्या पाठीत धपाटा घातला. स्वयंपाकघराच्या खिडकीतून, नकाशावर जिथून माझी रेघ गेली होती तिथूनच, तार हातभर फट ओलांडून समोरच्या खिडकीत गेली. घंटी अंजनाबाईंच्या चौकटीला बांधली. कळ इकडे, पुष्पलतेच्या हाताच्या उंचीवर. मी फळ्यावर आकृती काढली, बॅटरी, कळ, घंटी, आणि मुलांना विचारलं, विजेचं मंडल कुठे तुटलं तर वाजणार नाही? आठ दिवसांनी फळा नीट पुसला गेला होता, खडू छान उमटत होता. परवान्याची पुस्तिका आता लॉकरमध्ये आहे, लॉकर उघडाच आहे. त्याचं पुढे काय करायचं ते मला ठाऊक नाही, धर्मेंद्रला विचारून घेईन.

"दाबा, मावशी," भूमिका म्हणाली.

पुष्पलतेने डाव्या हाताने दाबलं, मोडून जोडलेल्या. एवढ्या जोराने घंटी वाजली की फटीतली कबुतरं उडाली. मिक्सर बंद झाला. समोरून अंजनाबाईंचं पीठ लागलेलं तोंड खिडकीत आलं, घाबरलेलं, "काय झालं वं पुष्पा? कोण आलं?"

आणि पुष्पलता, जी पाच महिने वाफेत बोलत होती, खिडकीचे गज दोन्ही हातांनी धरून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली, "कोणी नाही वं बाई! वाजवून पाहून राहिली!"